उजव्या पायापुरतं बरं

माझ्या सासूबाईंना, म्हणजे शेवंतीबाईंना, "कशा आहात?" असं विचारणाऱ्याने आधी खुर्ची बघून बसावं. उत्तर लांबतं. गुडघ्यापासून सुरू होतं, कंबर, पित्त, डोळ्यांवरची झापड असं करत करत शेवटी "मरण येयना म्हणान जगतंय" इथे येऊन टेकतं. हे सांगताना बाई एका हाताने बांगडे साफ करत असतात आणि दुसऱ्या हाताने मांजर हाकलत असतात.

मी मुलुंडची. वडील बँकेत, आई शिक्षिका. आमच्याकडे माणूस बरा असला की बरा आहे म्हणतो, आणि नसला तरी बराच आहे म्हणतो, उगाच कोणाला त्रास नको म्हणून. लग्न होऊन चारकोपला आले तेव्हा पहिले काही महिने मी दर दोन दिवसांनी सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायला निघायचे. शेवटी राजेशने, माझ्या नवऱ्याने, मला बाजूला घेतलं.

"जान्हवी, ती आजारी नाहीये गं. आमच्यात कोणी बरं आहे असं म्हणतच नाही. म्हटलं की दृष्ट लागते."

यावर मी हसले असते, पण आड माझ्या सासऱ्यांची गोष्ट आली. गिरणी बंद पडल्यावर गुणाजीरावांनी वॉचमनकी केली, भाजी विकली, सगळं केलं आणि तब्येत मात्र राखली. एकदा गावाहून आलेल्या कोणीतरी विचारलं, तब्येत कशी? त्यांनी छातीवर हात मारून सांगितलं, "माका काय धाड भरली? घोड्यासारखो आसंय!" त्याच आठवड्यात ते झोपेत गेले. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. सासूबाईंच्या मते डॉक्टरांना काय कळतंय, माणूस आपल्या तोंडाने गेला. तेव्हापासून त्या घरात तब्येतीबद्दल चांगला शब्द काढायची कोणाची छाती नाही. माझ्या मुलाला सर्दी नसली तरी शेजाऱ्यांना थोडी आहे असंच सांगावं लागतं.

मग बाईंचे गुडघे खरोखरच गेले. हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली, कारण खरं दुखणं आणि सवयीचं दुखणं यांची भाषा एकच. मला कळलं ते मासळीवरून. चारकोपच्या बाजारात त्या स्वतः जायच्या. "ह्या मुलुंडच्या चेडवाक ताजो नि शिळो कळना नाय," असं माझ्यासमोर सांगून जायच्या. एक दिवस पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, जा, आण काय ते. मी आणलेले बांगडे त्यांनी निमूटपणे खाल्ले. तेव्हा मी घाबरले.

राजेश अंधेरीच्या एमआयडीसीत एका कुरिअर कंपनीत सुपरवायझर आहे. कंपनीचा आरोग्य विमा आहे, त्यात आई बसते. विमा कंपनीने अंधेरीतलंच एक हॉस्पिटल नेमून दिलं होतं. आत शिरलं की वाटावं, आपण परदेशी जायला निघालोय. गार हवा, कुंडीतली प्लास्टिकची झाडं आणि भिंतीवर मोठ्ठं वाक्य: 'आम्ही शस्त्रक्रियेचे नव्हे, परिणामाचे पैसे घेतो.'

तिथे आम्हाला गंधाली भेटली. बिचारी पोरगी गोड होती. तिच्या कोटावर 'पेशंट जर्नी मॅनेजर' असा बिल्ला होता. तिने समजावलं की ही नवी मूल्याधारित पद्धत आहे. मूल्याधारित म्हटल्यावर मला मी शिकवते त्या शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास आठवला, ज्यात मुलं बाकावर डोकं टेकून झोपतात. तर पद्धत अशी: ऑपरेशन झालं की विमा कंपनी हॉस्पिटलला अर्धेच पैसे देते. तीन महिन्यांनी पेशंटला प्रश्न विचारतात. चालता येतं का, जिना चढता येतो का, झोप लागते का. ऑपरेशनच्या आधीचे गुण आणि नंतरचे गुण यांची वजाबाकी करायची. फरक मोठा आला तर उरलेले पैसे मिळणार, नाहीतर नाही.

"म्हणजे पाय बरो झालो नाय, तर पैशे दिऊचे नाय?" सासूबाईंनी विचारलं.

"अगदी बरोबर, आई!"

"कलिंगडवालो कापून दाखवता तसा." त्यांना पद्धत पसंत पडली. खोटं कशाला बोलू, मलाही पडली. डॉक्टरने काम केल्याचे नाही, काम झाल्याचे पैसे घ्यावेत, यात वाईट काय?

वाईट काय ते तासाभरात कळलं. आमच्यासोबत शेजारच्या द्रौपदीमावशी आल्या होत्या. त्यांच्याही मुलाच्या नोकरीचा हाच विमा. त्यांचे गुडघे सासूबाईंपेक्षा दुप्पट वाईट, वजन भारी आणि साखर डॉक्टरांपेक्षा शिकलेली, कोणाचं ऐकत नाही. त्यांना आत दहा मिनिटंही बसवलं नाही. गंधालीने हात जोडून सांगितलं, "मावशी, तुमच्यासाठी आत्ता योग्य पॅकेज नाहीये. तुम्ही आधी तब्येत सुधारा, मग या." म्हणजे माणसाने आधी बरं व्हावं आणि मग हॉस्पिटलात यावं. द्रौपदीमावशी लिफ्टने खाली गेल्या आणि रिक्षाची वाट बघत पायरीवर बसून राहिल्या.

सासूबाईंची मात्र चंगळ झाली. अंगाने काटकुळ्या, साखर नाही, ब्लड प्रेशर नाही. डॉक्टर निहार स्वतः आले. तरुण, चकचकीत, सर्जन म्हणून नाव मोठं. विमा कंपनीच्या ॲपवर प्रत्येक सर्जनच्या नावापुढे त्याच्या परिणामांनुसार रंग असतो, लाल, पिवळा, हिरवा. निहारचा हिरवा. त्यांच्यासमोर गंधालीने प्रश्न विचारायला घेतले.

"रात्री झोप लागते का, आई?"

"झोप खंयची? डोळ्याक डोळो लागत नाय."

"उत्तम," डॉक्टर म्हणाले.

"जिना चढता येतो?"

"जिनो बघलो काय पोटात गोळो येता."

"व्हेरी गुड."

"एकंदरीत तब्येत कशी वाटते?"

आता हा प्रश्न सासूबाईंना विचारायचा म्हणजे पुजाऱ्याला देवापुढे गाऱ्हाणं घाल म्हणण्यासारखंच. त्यांनी अशी काही सुरुवात केली की गंधालीच्या डोळ्यांत पाणी आलं. शंभरापैकी गुण पडले अठरा. डॉक्टरांचा चेहरा उजळला. इतके कमी गुण आणि इतकी निरोगी हाडं! सुधारणेला केवढी जागा! मी तोंड उघडलं होतं, की अहो, यातलं अर्धं रीतीचं आहे, त्या असंच बोलतात. राजेशने टेबलाखालून माझा पाय दाबला. ठरलं: आधी उजवा गुडघा. त्याचा परिणाम चांगला आला की विमा कंपनी डाव्याला मंजुरी देणार.

ऑपरेशन झकास झालं. निहारच्या हाताला गुण आहे, हे मी आजही म्हणेन. दोन महिन्यांत उजवा पाय कोऱ्या सायकलसारखा चालायला लागला. बाई बाजारात जायला लागल्या, स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढायला लागल्या, मी आणलेल्या बांगड्यांना पुन्हा नावं ठेवायला लागल्या. मला इतका आनंद झाला की मी शिव्या खात हसायचे.

मग गंधालीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"आई, आता झोप लागते ना?"

"झोप खंयची!"

"बरं... जिना?"

"नाव काढू नको जिन्याचा."

"पण एकंदरीत आधीपेक्षा बरं आहे ना?"

"बरां? आमच्या नशिबात बरां खंय, बाय माझे."

गुण पडले सतरा. ऑपरेशनपूर्वीपेक्षा एक कमी.

हॉस्पिटलात काय धावपळ झाली ते गंधालीने नंतर सांगितलं. निहारचा हिरवा रंग पिवळा झाला. गुडघ्याचे एक्स-रे पुन्हा तपासले, ते आरशासारखे स्वच्छ. शेवटी दुसऱ्याच दिवशी गंधाली टॅब घेऊन चारकोपला आमच्या दारात. सासूबाई घरात नव्हत्या. दोन नारळ आणि भाजीची पिशवी घेऊन त्या दोन मजले चढून आल्या, पिशवी ठेवली, पदराने घाम पुसला आणि पाटावर मांडी न घालता, पण बऱ्यापैकी खाली बसून घावणे घालायला लागल्या.

"आई, तुम्ही आत्ता जिना चढून आलात," गंधाली म्हणाली.

"काय करतलंय? चढूक लागता." बाईंनी तिच्यापुढे ताटली सरकवली. "घे गो, गरम आसा तोपर्यंत खा."

"मग जिना चढता येतो असं लिहू?"

"छे गो! लिव नको असला काय!"

मी गंधालीला म्हटलं, "अगं, तू डोळ्यांनी पाहिलंस ना? तूच लिही की."

"नाही हो ताई. आमचं पाहिलेलं चालत नाही. पेशंटच्या तोंडून आलं पाहिजे, त्याचं रेकॉर्डिंग होतं." ती घावण्याचा तुकडा हातात धरून रडकुंडीला आली होती. "पूर्वी डॉक्टर स्वतःच लिहायचे पेशंट बरा झाला म्हणून. त्यावर कोणाचा विश्वास राहिला नाही, म्हणून हे काढलं."

मला दोघींचाही राग आला. एकीच्या डोळ्यांना किंमत नाही आणि दुसरीच्या जिभेला हाड नाही. आणि या दोघींच्या मध्ये एक गुडघा अडकला होता, डावा. कारण उजवा नवा झाल्यापासून डाव्याने खरा आकांत मांडला होता. बाई सगळा भार त्याच्यावर टाकायला गेल्या की तो मुडपायचा. मंजुरी मात्र थांबलेली. पहिल्या गुडघ्याचा परिणाम कागदोपत्री शून्याखाली, मग दुसऱ्याला पैसे कोण देणार? गंधाली म्हणाली होती, पुढे अंतिम तपासणीत हेच प्रश्न पुन्हा विचारतील, तीच शेवटची संधी.

एका दुपारी शाळेतून आले तर त्या जिन्यात अर्ध्यावर बसलेल्या. पिशवीतून कांदे घरंगळून खालपर्यंत गेले होते. मला बघून गाऱ्हाणं सुरू होईल असं वाटलं. एक शब्द बोलल्या नाहीत. सवयीचं दुखणं बडबडतं, खरं दुखणं गप्प बसतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि मला रडू आलं.

"आई, एकदा म्हणा हो. एकदाच. बरी आहे म्हणा."

"तू माका मारूक बघतंस?"

"डावा पाय करून घ्यायचा ना?"

"ह्यांनी म्हटल्यानी नाय, घोड्यासारखो म्हणान? काय झाला मगे?"

त्या खरंच घाबरल्या होत्या. ऑपरेशन थिएटरमध्ये जाताना ही बाई नर्सला साडीचा भाव विचारत गेली होती, आणि आता दोन शब्दांना भीत होती. मी त्यांना पुन्हा काही म्हटलं नाही. रात्री जेवताना त्या आपणहून राजेशला म्हणाल्या, "त्या गंधालीक फोन लाव. सांग, येतंय."

अंतिम तपासणीला बाई पदराच्या टोकात मीठ आणि सात लाल मिरच्या बांधून आल्या होत्या. खोलीत निहार, गंधाली आणि भिंतीवरच्या पडद्यात विमा कंपनीचे श्यामसुंदरसाहेब. साहेब कुठल्यातरी ऑफिसातून बोलत होते आणि मधूनमधून चहा पीत होते. सुरुवातीलाच गंधालीने सासूबाईंच्या कानाशी वाकून सांगितलं, "आई, उजव्या पायापुरतं बोला हं. डाव्याचं मनात आणू नका."

"चालता येतं का?"

सासूबाईंनी पदराची गाठ मुठीत धरली. "येता."

"जिना?"

"चढतंय."

"रात्रीची झोप?"

"लागता." आवाज इतका बारीक झाला होता की साहेबांनी पडद्यातून 'जरा मोठ्याने' म्हटलं. बाईंना ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

"आणि एकंदरीत तब्येत?"

मी राजेशचा हात पकडला. बाईंनी डोळे मिटले, ओठ पुटपुटले, बहुतेक गुणाजीरावांची माफी मागितली असावी, आणि म्हणाल्या, "बरां आसा माका. एकदम बरां."

गुण पडले ब्याण्णव. निहारने टाळी वाजवली. सतरावरून ब्याण्णव, हॉस्पिटलात आजवर अशी झेप कोणी घेतली नव्हती. नर्सेसनी केक आणला. बाईंना मधोमध उभं करून, उजवा पाय पुढे ठेवायला लावून कोणीतरी फोटो काढले. बाई भिंतीला धरून उभ्या होत्या आणि घामाघूम झाल्या होत्या. मला मात्र त्यांचा अभिमान वाटत होता.

केक खाऊन झाल्यावर मी विचारलं, "मग डाव्या गुडघ्याची तारीख कधी देताय?"

श्यामसुंदरसाहेबांनी चष्मा वर केला. "मॅडम, पेशंटचा आजचा स्कोअर ब्याण्णव आहे."

"हो ना. म्हणूनच."

"ब्याण्णववर ऑपरेशन करून काय मिळणार? सुधारायला जागाच कुठे आहे? चालतात, चढतात, झोपतात. अशा पेशंटला आम्ही उगाच सुरीखाली नाही घालत. पेशंटच्याच हिताचं आहे ते."

"अहो, पण त्या उजव्या पायाबद्दल बोलत होत्या!"

"प्रश्नावलीत उजवा-डावा नाहीये. आम्ही पायाचा नाही, संपूर्ण माणसाचा विचार करतो."

मी गणित शिकवते. पण हे गणित मला फळ्यावर मांडता आलं नसतं. पहिला पाय बरा झाला नाही तर दुसऱ्याला पैसे नाहीत, आणि पहिला बरा झाला तर दुसऱ्याची गरज नाही. मी म्हटलं, उत्तर बदला, त्या आत्ता पुन्हा सांगतील. गंधाली खाली मान घालून म्हणाली, "अंतिम तपासणीचं एकदा सेव्ह झालं की लॉक होतं, ताई." मी निहारकडे बघितलं. त्याने डावा गुडघा हातात घेऊन वाकवला, आतून कटकट आवाज आला, तो साहेबांपर्यंतही गेला असेल.

"ऑपरेशन लागणार, यात प्रश्नच नाही," निहार हळू आवाजात म्हणाला. "पण ब्याण्णववर कितीही चांगलं केलं तरी फरक दिसणार नाही. माझा रंग पुन्हा जाईल. मग माझ्याकडे पेशंट पाठवणार नाहीत. तुम्ही समजून घ्या."

"तुमचा रंग गेला खड्ड्यात!" मी ओरडले. मॉनिटरवरच्या साहेबांचा आवाज त्याच क्षणी बंद झाला, तोंड मात्र हलत राहिलं. राजेश मला आवरायला लागला. या सगळ्या गोंधळात सासूबाई शांत होत्या. त्यांना काही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तोंडाने बोलायचं आणि मग भोगायचं, त्यांच्या हिशेबाने सगळं ठरल्याप्रमाणेच चाललं होतं.

"चल गो," त्या उठत म्हणाल्या. "पायावरच निभावला. जीव तरी वाचलो."

आम्ही पालिकेच्या रुग्णालयात नाव घातलं. द्रौपदीमावशींनी आधीच घातलं होतं. रांग मोठी आहे, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोघींचेही गुडघे हाताने दाबून बघितले, कुठे दुखतं विचारलं आणि गुण दिले नाहीत.

तिथूनच परत येताना अंधेरीला बस बदलायची होती. सासूबाई डाव्या पायाने लंगडत, माझ्या खांद्याला धरून बसस्टॉपवर आल्या आणि थबकल्या. स्टॉपच्या जाहिरातीच्या काचेत माणसाएवढ्या शेवंतीबाई हसत उभ्या होत्या. फोटो काढताना त्या हसल्या नव्हत्या, मला पक्कं आठवतंय, ते हसू नंतर कोणीतरी लावलं होतं. खाली मोठ्या अक्षरांत: 'मी आता एकदम बरी आहे!' आणि नाव, आणि गाव, चारकोप.

आमच्या सासूबाई, ज्यांनी शेजारणीलाही कधी बरी आहे असं कळू दिलं नाही, त्या अख्ख्या अंधेरीला ओरडून सांगत होत्या. येणारा जाणारा बघत होता. मला वाटलं त्या तिथेच कोसळतील. मी पर्समधून काजळाची डबी काढली. माझा या कशावरही विश्वास नाही, तरी काचेवर त्यांच्या गालाच्या जागी चांगला ठसठशीत काळा टिळा लावला. शेजारी उभा असलेला माणूस मोबाइल खाली करून बघत राहिला.

सासूबाईंचं टिळ्याकडे लक्षच नव्हतं. त्या वाकून चित्राचा खालचा भाग निरखत होत्या. उजवा पाय ऐटीत पुढे होता, गुडघ्यावर सोनेरी चकाकी मारली होती. त्याच्या शेजारी निळं आभाळ होतं आणि हॉस्पिटलचा फोन नंबर.

"गो जान्हवी," त्या म्हणाल्या, "माझो डावो पाय खंय गेलो?"